आफ्रिकेच्या जुन्या राज्यांचा भिंतीवरचा नकाशा: आठ महिने वर्गात वापरल्यावर

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हा नकाशा मी स्वतःच्या पैशांनी घेतला आणि नववीच्या वर्गात फळ्याशेजारी टांगला. लॅमिनेशन अजून सुटलेलं नाही. ट्यूबलाइटमुळे मात्र तो इतका चकाकायचा की मागच्या बाकांवरून सहारा दिसेना, म्हणून समोरच्या भिंतीवर हलवला.

सगळ्यात जास्त बोटं फिरली ती घाना राज्यावर. सोबतच्या पुस्तिकेत अल-बक्री या अरब भूगोलकाराचं १०६८ सालचं वर्णन थोडक्यात दिलंय. गाढवभर मीठ राज्यात आलं की राजाला एक सोन्याचा दिनार, बाहेर गेलं की दोन. खाणीत सापडलेले सोन्याचे गोळे राजाचे, भुकटी लोकांची. नाहीतर सोन्याचा भावच पडला असता. मुलांनी बाकांच्या रांगेत जकातनाका मांडून हे खेळून पाहिलं, आणि कर म्हणजे काय ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

त्याच वर्णनात राजधानीची दोन गावं आहेत. एक मुसलमान व्यापाऱ्यांचं, बारा मशिदींचं. दुसरं राजाचं, भोवती राखलेली झाडी. तिथे पुजारी, देवांच्या मूर्ती, राजांच्या समाध्या, आणि बाहेरच्याला आत मज्जाव. पुस्तिकेत याला नुसतं ‘जंगल’ म्हटलंय. मी ‘देवराई’ म्हटल्याबरोबर मुलांचे चेहरे बदलले, कारण आमच्या गावालाही देवराई आहे. राजाने आपला धर्म सोडला नाही, पण दुभाषे, खजिनदार आणि बरेचसे मंत्री मुसलमान ठेवले, हे त्यानंतर त्यांना सहज पटलं. राजानंतर त्याच्या बहिणीचा मुलगा गादीवर बसतो, यावर मुलींनी अख्खा तास घेतला. मी तो घेऊ दिला.

आता दोष. आजच्या देशांच्या सीमा फिकट रंगात छापल्यात आणि जुन्या घानाचं नाव नेमकं आजच्या घानावर सरकलंय. ते राज्य तिथे नव्हतंच. ते आजच्या मॉरिटानियाच्या दक्षिण भागात आणि मालीच्या पश्चिमेला होतं. मी वर चिठ्ठी चिकटवलीय. प्रकाशकाला पत्र लिहिलं, उत्तर आलेलं नाही. अल-बक्री घानाला कधी गेलाच नाही, स्पेनमध्ये बसून इतरांकडून ऐकलेलं लिहीत होता, हेही पुस्तिकेने सांगायलाच हवं होतं. इतिहास शिकणाऱ्या मुलाला पहिली गोष्ट हीच कळायला हवी.

अक्सुमचा, म्हणजे आजच्या इथिओपिया-एरिट्रियातल्या जुन्या राज्याचा, भाग त्रोटक आहे. एझाना राजाची दोन नाणी छापलीत, आधीच्यावर चंद्रकोर आणि गोल बिंब, नंतरच्यावर क्रूस. चौथ्या शतकात राजाने ख्रिस्ती धर्म घेतला हे त्या दोन चित्रांतून एका नजरेत कळतं, पण ती नखाएवढी आहेत. अक्सुमच्या तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरात भारतातून लोखंड आणि सुती कापड उतरायचं, तरी अरबी समुद्रातल्या बाणावर मालाचं नावच नाही. ते मी मार्करने लिहिलं.

पाचपैकी साडेतीन. घेतलात तर टांगायच्या आधी घानाचं नाव योग्य जागी लिहून घ्या.