जुना डेस्कटॉप: एसएसडी, रॅम, प्रोसेसर की सरळ दुसरी मशीन?

बजेट तुटपुंजं असतं तेव्हा जुन्या डेस्कटॉपमध्ये एखादाच भाग बदलता येतो, फार तर दोन. त्यामुळे निवड चुकली तर पैसे जातात आणि मशीन होती तशीच रखडत राहते. खालचा प्रत्येक पर्याय मी तीन प्रश्नांवर तपासला आहे. रोजच्या कामात फरक किती जाणवेल? तो भाग आपल्या मदरबोर्डवर नक्की चालेल का? आणि उद्या ही मशीन बंद पडली, तर तो भाग पुढच्या मशीनमध्ये लावता येईल का? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते पैसे कमी असताना तोच सगळ्यांत मोलाचा आहे.

मात्र खरेदीआधी मशीन नेमकी कुठे अडते ते पाहा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सचं पान समोर ठेवा आणि नेहमीचं काम करत राहा. सीपीयू (प्रोसेसर) निवांत आणि डिस्क मात्र सारखी १०० टक्क्यांवर, असं दिसलं तर दोष डिस्कचा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या खाली येतच नसेल तर रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) कमी पडते आहे. सीपीयू सतत १०० टक्के असेल तर आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. मशीन दरवेळी तारीख-वेळ विसरत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटन सेल बदलला की बहुतेकदा काम होतं. या दोन दुरुस्त्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तरी लोक त्या सोडून थेट प्रोसेसरच्या चौकशीला लागतात.

एसएसडी की रॅम?

खरी चुरस बहुतेक घरांत याच दोघांत असते. माझा कौल एसएसडीला (चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हला), आणि त्यामागे साधा हिशेब आहे. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, आणि हेड सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा वाचू शकते. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने हेच वाचन सेकंदाला हजारो वेळा होतं. दहा-बारा वर्षांची मशीन एसएसडीने एकदम हलकी वाटते ती यामुळे. मोठी फाइल कॉपी करण्याचा वेग हा त्यातला दुय्यम भाग आहे.

‘माझ्या बोर्डवर जुनं साटा २ आहे, मग एसएसडी वाया जाईल ना?’ अशी शंका हमखास येते. साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडण्याची पद्धत, २ आणि ३ या तिच्या पिढ्या. साटा ३ वर एसएसडी साधारण ५५० एमबी प्रति सेकंद देते, साटा २ वर तो आकडा २७०-२८० च्या आसपास अडकतो. पण छोट्या फायली चटकन मिळण्याचा फायदा दोन्हीकडे सारखाच असतो. एनव्हीएमई ड्राइव्हचा (साटाहून वेगवान एसएसडीचा) मोह मात्र जुन्या बोर्डवर टाळावा. पीसीआय एक्सप्रेस या कार्डांच्या स्लॉटमध्ये ॲडॅप्टर लावून ती बसते, पण २०१४ पूर्वीच्या बहुतेक बोर्डांचं बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. २.५ इंची साटा एसएसडी तिथेही चालते आणि पुढच्या डेस्कटॉपमध्येही चालेल, कारण साटा पोर्ट नव्या बोर्डांवर अजून येतात.

१२० जीबीची एसएसडी अपडेट आणि तात्पुरत्या फायलींनी लवकर भरते, त्यामुळे किमान २४०-२५६ जीबीची घ्यावी. फोटो आणि चित्रपट जुन्या हार्ड डिस्कवरच राहू द्या, पण क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने तिची तब्येत आधी तपासा. ‘कॉशन’ असा इशारा दिसला तर त्याच दिवशी डेटाची दुसरी प्रत काढा. नवी विंडोज टाकण्याआधी बायॉसमध्ये साटाचा मोड जुना आयडीई नसून नवा एएचसीआय आहे ना, हेही बघून घ्या. नंतर बदललं तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता असते.

आता रॅम. ४ जीबीवरून ८ जीबीवर गेलात तर फरक ठळक जाणवतो. ब्राउझरच्या दहा टॅब आणि एक एक्सेलची फाइल एवढ्यातच ४ जीबी संपते. ८ वरून १६ वर जाण्याचा उपयोग फोटो-व्हिडिओ संपादन, व्हर्च्युअल मशीन किंवा खेळ यांसाठी होतो. पत्रं, हिशेब आणि व्हिडिओ पाहणं एवढंच काम असेल तर तो खर्च नको. मशीनवर ३२ बिटची विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम ती वापरतच नाही, हेही विसरू नका.

४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क अशी मशीन असताना पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तरी मी एसएसडीच आधी घेईन. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेला भार डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकते. ती पेजफाइल एसएसडीवर असेल तर ताण सुसह्य होतो. उलट रॅम वाढवून विंडोज लवकर सुरू होत नाही. तिसऱ्या प्रश्नावरही रॅम हरते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या. डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या बोर्डात बसत नाही, खाचेची जागा आणि व्होल्टेज दोन्ही वेगळी असतात. म्हणजे डीडीआर३वर घातलेला पैसा या मशीनबरोबरच संपणार.

रॅमची जमेची बाजू अशी की ती वापरलेली घ्यायला भीती नाही. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला की पट्टी चांगली की खराब ते कळतं. लिहून-लिहून झिजणारी एसएसडी मात्र नवीच घ्यावी. डीडीआर३ घेताना एक धोका सांभाळा: काही स्वस्त ८ जीबी पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात. इंटेलच्या बोर्डवर त्या लावल्या तर मशीन चालूच होत नाही. शक्य असेल तर एकसारख्या दोन पट्ट्या घ्या. ड्युअल चॅनलचा (दोन पट्ट्या एकत्र वापरण्याचा) फायदा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला जास्त मिळतो, कारण तिथे ग्राफिक्ससुद्धा याच रॅमवर चालतं.

प्रोसेसर बदलावा का?

बहुतेकांना माझं उत्तर ‘नको’ असं आहे. एलजीए ११५५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या) बोर्डवर दोन कोअरचा (गाभ्यांचा) इंटेल आय३-२१०० असेल, तर वापरलेला चार कोअरचा आय५-३४७० लावून एकाच वेळी अनेक कामं करताना मदत होते, यात शंका नाही. पण एच६१ सारख्या बोर्डवर आय५-३४७० सारखा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालण्याआधी बायॉस अपडेट करावं लागू शकतं, आणि अपडेटच्या मधेच वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. आय५ काढून त्याच पिढीचा आय७ लावण्याचा फरक तर साध्या कामात कळतही नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर लावू, असं काहींना वाटतं, कारण सॉकेटचं नाव एलजीए ११५१ असंच आहे. तो तिथे चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो.

एएमडीचं एएम४ सॉकेट हा इथला मोठा अपवाद. पहिल्या पिढीच्या रायझनसाठी घेतलेल्या बी३५० किंवा ए३२० बोर्डवर, बोर्डाच्या कंपनीने बायॉस दिलं असेल तर, थेट रायझन ५०००चा प्रोसेसर बसतो. त्याला विंडोज ११चा अधिकृत पाठिंबाही आहे. अशी मशीन घरात असेल तर दुसरी घेण्याआधी हा मार्ग नक्की तपासा.

ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस

खेळ खेळायचे नसतील तर कार्डाची गरज सहसा एकाच कारणाने भासते: यूट्यूब अडखळतं. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ व्हीपी९ स्वरूपात येतात, आणि इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. कार्ड घेण्याआधी एच२६४ स्वरूपच मागणारं ब्राउझरचं मोफत एक्स्टेन्शन लावून बघा. तेवढ्याने भागतं.

खेळांसाठी कार्ड हवंच असेल तर कॅबिनेटमधल्या एसएमपीएसवरचे (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे) वॅट वाचा. जुन्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये ते बऱ्याचदा २४० ते ३०० असतात. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटीएक्स १०५० टीआय या कार्डाचे बहुतेक प्रकार तेवढ्यात भागवतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही. जीटी १०३० घेताना जीडीडीआर५चाच प्रकार मागा, डीडीआर४चा फारच मंद आहे. आरएक्स ६४०० स्लॉटच्या फक्त चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३ च्या बोर्डवर त्याची ताकद घटते.

एसएमपीएसवर केलेला खर्च डोळ्यांना दिसत नाही. पण मशीन भार येताच अचानक बंद पडत असेल, तर आधी संशय त्याच्यावर घ्या आणि बदलताना नामांकित कंपनीचाच घ्या. निकृष्ट एसएमपीएस जळताना बोर्ड आणि डिस्कही सोबत नेऊ शकतो. मोठ्या कंपन्यांच्या काही डेस्कटॉपमध्ये नेहमीच्या २४ पिनांऐवजी त्यांचा स्वतःचा कनेक्टर असतो, तिथे बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही.

आणि दुसरी मशीन?

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच तिच्या यादीत आहेत. त्यामुळे चौथ्या पिढीच्या मशीनवर रॅम, प्रोसेसर आणि कार्ड असा तिहेरी खर्च केला तरी हा अडसर राहतोच. तुमची यादी एसएसडीच्या पुढे दोन भागांवर गेली असेल, तर मी म्हणेन, थांबा. एसएसडी घ्या, बाकीचे पैसे बाजूला ठेवा आणि ऑफिसमधून निघालेली आठव्या पिढीची वापरलेली मशीन शोधा. त्या पिढीत आय३ सुद्धा चार कोअरचा आहे आणि आय५ सहा कोअरचा. रॅम डीडीआर४ असते, आणि तुमची एसएसडी तिच्यात जशीच्या तशी बसेल.

विंडोजच हवी असा आग्रह नसेल तर दुसऱ्या ते सातव्या पिढीच्या मशीनला एसएसडी, ८ जीबी रॅम आणि लिनक्स मिंट (मोफत ऑपरेटिंग सिस्टम) एवढ्यावर अजून कित्येक वर्षं काम करता येईल, सुरक्षा अपडेटही मिळत राहतील. पेनड्राइव्हवरून मिंट आधी चालवून पाहा. प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग तिथेच तपासता येतं, डिस्कवर काही टाकावं लागत नाही. टॅलीसारखं फक्त विंडोजवरचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर मी रॅमचाही खर्च करणार नाही. तिच्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) नाही, त्यामुळे विंडोज ११ची २०२४ची किंवा त्यानंतरची आवृत्ती पळवाटा काढूनही तिच्यावर सुरू होत नाही. पुढच्या मशीनसाठी एसएसडी घेणारच असाल तर ती आज हिच्यात लावा, नाहीतर आहे त्यावर काम भागवून पैसे साठवा.