झांबियाच्या तांब्याचा सेमिनार, जळगाव : ५ पैकी २ स्टार

मी मोटार रिवायंडिंगवाला माणूस, तांब्याच्या तारेचा भाव चढला की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून ५०० रुपये भरून "आफ्रिकेच्या खाणीत पैसा लावा" या कार्यक्रमाला गेलो. मे महिना, जळगावचं ऊन आणि एसी फक्त स्टेजकडे, मागे आम्ही फॉर्मनेच वारा घेत होतो.

पहिला तास खरंच भारी भो. झांबियाला समुद्रच नाही, माल ट्रकने थेट दार-ए-सलाम नाहीतर डर्बनच्या बंदराला न्यायचा म्हणजे भाड्यातच किती जात असेल, आणि चिन्यांनी १९७० च्या दशकात बांधून दिलेली झांबिया ते दार-ए-सलाम अशी १८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे पार खिळखिळी झालीये, हे नकाशावर मस्त दाखवलं.

नंतर मात्र नुसता माल खपवणं. २०२० ला त्या देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थकवले, त्याचं नाव नाही. वीज बहुतेक पाण्यावरची, २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण आटलं आणि तिथं आपल्यापेक्षा बेकार लोडशेडिंग झालं, तेही गुलदस्त्यात. मी उठून विचारलं, वेदांताच्या तिथल्या कोंकोला तांब्याच्या खाणीवर सरकारने २०१९ मध्ये लिक्विडेटर (कंपनी गुंडाळायला नेमलेला माणूस) बसवला, वेदांताला ताबा परत मिळायला २०२४ उजाडलं, मग आम्ही लावायच्या दोन लाखांना कोण विचारतं? साहेब म्हणे, "दादा, चहानंतर बोलू." चहानंतर साहेब फॉर्मच्या टेबलावर, चेक गोळा करत.

एक स्टार नकाशाचा, एक शेवभाजीचा. तर्री जबरदस्त होती.