सोनेरी झाकणाची 'केशर नाईट क्रीम': घेतली असेल तर आधी हे वाचा

डबी दीड हजाराची. वीस ग्रॅमची, सोनेरी झाकणाची, आत किंचित करडसर मलम. बिल मागितलं तर पार्लरवाली म्हणाली, "ताई, ओळखीतल्या वस्तूचं कसलं बिल?" पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले त्यावर नाव तिचं नव्हतं, पार्लरचंही नव्हतं. तुमच्याकडे अशी डबी असेल तर पुढचं वाचण्याआधी तिच्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि पत्ता आहे का ते बघा. नसेल तर झाकण लावून बाजूला ठेवा. टाकू नका, ती लागणार आहे.

मी कराडला राहते. बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले होते, आणि घरात नणंदेसाठी स्थळं बघणं चालू होतं. तिच्या बायोडाटात रंग 'गव्हाळ' लिहिला होता. मध्यस्थ बाईंनी तो खोडून 'निमगोरा' करायला लावला. मुलगी एम.कॉम. आहे, पतसंस्थेत नोकरी करते, घरचं लोन तीच फेडते, याबद्दल त्यांनी चकार शब्द विचारला नाही. नकार येताना कारण कुणी सांगत नाही. 'फोटोत वेगळी वाटली हो' एवढंच फोनवर येतं आणि समजायचं ते सगळ्यांना समजतं.

पार्लरवालीला यातलं सगळं ठाऊक होतं. आयब्रो करता करता बायका जे बोलतात त्यात तिचा निम्मा धंदा असतो. तिने मला वांगासाठी आणि नणंदेला रंगासाठी एकच डबी दिली. दोन्हींवर एकच औषध कसं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "केशर, चंदन, ज्येष्ठमध. आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट शून्य."

आणि क्रीमचा गुण आला. सगळी मेख इथेच आहे. दुसऱ्या आठवड्यात वांग फिकट झाले, नणंदेचा चेहरा एकदम उजळला. सासूबाई शेजारी कौतुक सांगून आल्या. पार्लरवालीने नणंदेचा 'आधी आणि नंतर' असा फोटो तिला न विचारता व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि त्यावर आणखी डब्या खपल्या. पुढे डॉक्टरांनी समजावलं ते असं: कातडीला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि या क्रीममध्ये असलेला पारा नेमकं तेच बंद पाडतो. त्यामुळे रंग खरोखरच उतरतो. साध्या भेसळीची वस्तू निरुपयोगी निघते, माणूस शिव्या देऊन सोडून देतो. ही वस्तू काम करते, म्हणून विकणारीवर विश्वास बसतो, आणि त्यानंतर ती जे सांगेल ते पटायला लागतं.

तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण तुम्हालाही थोड्याफार फरकाने हेच ऐकवलं जाईल. चेहऱ्याची आग होते म्हटलं की "औषध लागू पडतंय". पुरळ आलं की "आतली घाण बाहेर पडतेय". चार दिवस क्रीम बंद केलं आणि रंग आधीपेक्षा काळवंडला, तर "म्हणून तर सांगते, खंड पाडू नका", आणि लगेच दुसरी डबी. खोक्यावर कुठल्याशा परदेशी लिपीतला मजकूर होता आणि खाली बारीक इंग्रजीत एक ओळ: सोनं, चांदी, अॅल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नये. ते दाखवलं तर म्हणाली, "उग्र असतं ना, मंगळसूत्र काढून लावत जा." खऱ्या केशराचं सोन्याशी काय वाकडं? सोन्याला पारा लागला की काय होतं ते कुठल्याही सोनाराला विचारा. ही सूचना जिथे दिसेल ती वस्तू तोंडाला लावायची नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा पारा असलेलं क्रीम ओळखायची खूण म्हणून हीच ओळ सांगते. घटकांत 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराईड', 'मर्क्युरिक आयोडाइड' यांपैकी काहीही असलं तरी अर्थ तोच. आमच्या डबीवर घटकच नव्हते.

मग माझे पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. लघवीला साबणासारखा फेस. यावरही उत्तर होतं: "क्रीम अंगातलं पाणी ओढतं ताई, मीठ कमी करा." या एका वाक्याने आमचे कित्येक दिवस खाल्ले. घरच्या डॉक्टरांना थायरॉइडची शंका आली, ती तपासणी नॉर्मल निघाली. तेवढ्यात नणंदेचा चेहरा सकाळी सुजायला लागला. दोघींच्याही लघवीत प्रथिनं भरमसाट जात होती. किडनीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि म्हणाले, "तुम्ही नणंद-भावजय. रक्ताचं नातं नाही, वयं वेगळी, आणि आजार एकच. घरात दोघीच वापरता असं काय आहे?"

नणंदेने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली.

बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी निघाली, त्यातही 'नेल-१' हा प्रकार. किडनीची गाळणी जाड होते आणि रक्तातली प्रथिनं लघवीवाटे निघून जातात. डॉक्टरांना हे नवीन नव्हतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले या आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांना 'नेल-१' होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. आपल्याकडे अकोल्याची एक मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना हाच त्रास झाल्याच्या बातम्या २०२३ च्या सुरुवातीला आल्या होत्या; त्यांचं क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयामार्फत तपासलं गेलं आणि त्यात पारा सापडला. आमच्या डबीच्या रिपोर्टमध्ये पाऱ्याचा आकडा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग या मापात, चार अंकी होता. डोळ्यांचं प्रसाधन सोडलं तर कायद्याची मर्यादा १ पीपीएम आहे, तीही नकळत मिसळलेल्या पाऱ्यासाठी. मुद्दाम घालायला परवानगीच नाही.

मला सगळ्यात जास्त राग आला तो मुलाच्या तपासणीवेळी. पारा लावणाऱ्यापुरता राहत नाही. उशीचा अभ्रा, टॉवेल, गालाला गाल, सगळीकडून पसरतो, त्याची वाफही होते. मुलगा माझ्या कुशीत झोपतो. त्याची लघवी ठीक निघाली. रिपोर्ट येईपर्यंतची रात्र पार्लरवालीच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

क्रीम बंद, प्रेशरच्या गोळ्या आणि लघवीची वरचेवर तपासणी, एवढ्यावर माझी प्रथिनं काही महिन्यांत आटोक्यात आली. बहुतेकांचं असंच होतं म्हणे. नणंदेची अजून पूर्ण थांबलेली नाहीत. मधल्या काळात काळवंडलेल्या चेहऱ्यासाठी एका नातेवाइकाने तिला मेडिकलमधून 'गोरं करणारी ट्यूब' आणून दिली. तिच्यात मोमेटासोन निघालं, म्हणजे स्टेरॉइड. अशी मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. त्या मेडिकलवाल्याची बाजू घेणारेही आमच्या घरात आहेत.

तक्रारीचं सांगते. पार्लरवालीला रिपोर्ट पाठवला तर म्हणाली, "मी फक्त पुढे देते, माल मुंबईहून येतो." मग नंबर ब्लॉक, ग्रुप गायब. महिनाभरात नव्या नावाचा ग्रुप सुरू झाला आणि त्यात नणंदेचाच तो जुना फोटो. हा स्क्रीनशॉट आम्ही पोलिसांकडेही दिला. मुख्य तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. औषध निरीक्षक नमुना घेतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार साध्या ग्राहकालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेता येते, हे फार कुणाला माहीत नसतं. आमच्याकडे बिल नव्हतं. पैसे गेल्याची नोंद, चॅट, खोकं आणि न उघडलेली दुसरी डबी होती, तीच कामाला आली. फोनवर सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आमचं प्रकरण अजून चालू आहे.

लेबलवर बघायचं ते एवढंच: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, घटक. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. सोनेरी झाकण, 'हर्बल' हा शब्द आणि पार्लरच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट मोजायचं नाही.

नणंदेच्या बायोडाटात आता पुन्हा 'गव्हाळ' आहे. मध्यस्थ बाई बदलल्या.

ज्यांनी अशी डबी वापरली आहे त्यांनी लघवीची साधी तपासणी करून घ्या आणि त्यात प्रथिनं आहेत का ते विचारा. कुठल्याही लॅबमध्ये शे-दोनशे रुपयांत होते, उपाशीपोटी जावं लागत नाही. डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या.