जुनी अमेरिकी मालिका पाहायचीय: स्ट्रीमिंगवर, डिस्कवर की कुणाच्या तरी जुन्या कॅसेटवरून?

'आय लव्ह लूसी', 'मॅश', 'स्टार ट्रेक', 'द ट्वायलाइट झोन'... यांतलं काही पाहायचं मनात आलं की आज तीन वाटा दिसतात. एक स्ट्रीमिंगची वर्गणी, दुसरी डिस्कचा संच, आणि तिसरी म्हणजे यूट्यूबवर किंवा इंटरनेट आर्काइव्ह या नेटवरच्या मोफत संग्रहावर लोकांनी चढवलेली घरच्या व्हीसीआरची आणि इतर जुनी रेकॉर्डिंग. भागाचं नाव तिन्हीकडे तेच असतं, पण दिसतं-ऐकू येतं ते बरंच वेगळं असतं. म्हणून पैसे आणि वेळ घालण्याआधी एक ठरवून टाका: तुम्हाला ती मालिका हवी आहे, की ती टीव्हीवर लागली तेव्हाचा तो सगळा तास, जाहिरातींसकट हवा आहे? कुठली वाट धरायची हे माझ्या मते बहुतांशी यावरच ठरतं.

लूसीचंच बघा. १९५१ मध्ये बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे आणि दूरच्या शहरांना टीव्हीच्या पडद्यावरून चित्रित केलेली धूसर किनेस्कोप प्रत मिळायची. मालिकेतले नायिका-नायक, खऱ्या आयुष्यातलेही पती-पत्नी, ल्युसिल बॉल आणि डेसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करायचं ठरवलं आणि त्यासाठी बोलावलं कार्ल फ्रॉइंड यांना, ज्यांनी जर्मनीत 'मेट्रोपोलिस'चं छायाचित्रण केलं होतं. त्या निर्णयामुळे आज सत्तर वर्षांनंतरही लूसीचा चेहरा लख्ख दिसतो, स्ट्रीमिंगवर पाहा किंवा डिस्कवर.

पण सुरुवातीला दिसणारं ते सॅटिनवरचं बदामाचं चिन्ह मूळ प्रक्षेपणात नव्हतंच. ते पुढे पुनःप्रक्षेपणासाठी तयार केलं. मूळ प्रायोजक होती फिलिप मॉरिस सिगारेट, आणि भागाच्या आरंभी लूसी-डेसीची छोटी कार्टून चित्रं त्या पाकिटाभोवती बागडायची. ही मूळ सुरुवात डिस्कच्या काही आवृत्त्यांत पाहायला मिळते.

स्ट्रीमिंगबद्दल थोडक्यातच सांगतो. सोय मोठी आहे, चित्र स्वच्छ आहे, आणि एखादी मालिका आपल्याला रुचते का हे बघायला दोन-तीन भाग पुरतात. मात्र तिथे तुम्हाला निवड नसते, कंपनीने जी आवृत्ती चढवली ती मुकाट्याने पाहायची. २०२१ मध्ये 'साइनफेल्ड' ही विनोदी मालिका नेटफ्लिक्सवर आली ती आजच्या रुंद पडद्याला बसेल अशी वरून-खालून छाटून. 'द पॉटहोल' या भागात ज्या खड्ड्यावरून कथा चालते, तो खड्डाच एका दृश्यात चौकटीबाहेर गेला! 'स्टार ट्रेक'चंही तसंच. १९६६ ते १९६९ या काळातल्या मूळ मालिकेत २००६ पासून संगणकावर बनवलेली नवी यानं आणि नवे ग्रह घातले गेले, आणि स्ट्रीमिंगवर साधारणपणे हीच आवृत्ती असते. ज्यांनी दूरदर्शनवर ते यान लहानपणी पाहिलं, त्यांना काहीतरी बदललंय हे जाणवतं, फक्त काय ते चटकन सांगता येत नाही. शिवाय भारतातली यादी अमेरिकेतल्या यादीसारखी नसते, आणि आज असलेली मालिका पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

डिस्कचं मोल इथे कळतं. 'स्टार ट्रेक'च्या ब्लू-रे संचात जुने आणि नवे दोन्ही दृश्यपरिणाम आहेत, रिमोटवरून हवे ते निवडता येतात. 'मॅश' ही युद्धातल्या लष्करी रुग्णालयाची विनोदी मालिका, तिच्या डीव्हीडीवर तर पार्श्वभूमीचा हशा बंद करायची सोय आहे. तो हशा निर्मात्यांना मुळातच नको होता, सीबीएस वाहिनीने आग्रह धरला. शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी तो नसावा एवढं त्यांनी मान्य करून घेतलं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाशिवायच दाखवली. कोरियन युद्धातल्या त्या तंबूंमध्ये हशा थांबला की संवादांमधली थकावट आणि भीती ऐकू येते. 'मॅश' पाहायची असेल तर निव्वळ या एका सोयीसाठी मी डिस्क घ्या म्हणेन.

डिस्कमध्येही फसगत होते, आणि ती बहुधा संगीतात होते. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही १९७८ ते १९८२ या काळातली एका रेडिओ केंद्राची मालिका. तिचा अर्धा जीव त्या वेळच्या रॉक गाण्यांत. टीव्हीसाठी घेतलेले गाण्यांचे हक्क डिस्कला लागू नव्हते, म्हणून २००७ च्या संचात कितीतरी गाण्यांच्या जागी भलतंच संगीत भरलं. २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने बरीचशी मूळ गाणी परत मिळवून नवा संच काढला. तेव्हा ही मालिका घेताना संच कोणत्या वर्षीचा हे आधी बघा.

स्वस्त डिस्कपासूनही सांभाळा. 'द बेव्हर्ली हिलबिलीज'च्या सुरुवातीच्या भागांच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, त्यामुळे ते कुणीही छापू शकतो. शीर्षकगीताचे हक्क मात्र शाबूत आहेत. म्हणून त्या स्वस्त डिस्कवर भाग सुरू होतो आणि ओळखीचं गाणंच वाजत नाही.

आता तिसरी वाट, जिच्याकडे बहुतेक लोक तात्पुरती सोय म्हणून पाहतात. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्र अंधुक, खाली टेपची थरथरणारी पट्टी, आवाजात खरखर, हे सगळं कबूल. पण 'फ्लिन्टस्टोन्स' आपल्याला कार्टून नेटवर्कवर पोरांची मालिका म्हणून भेटली. १९६० मध्ये ती अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेत लागायची, प्रायोजक विन्स्टन सिगारेट होती, आणि फ्रेड व बार्नी स्वतः जाहिरातीत सिगारेट ओढायचे. मालिका मोठ्यांसाठीही होती हे त्या एका चित्रफितीतून जितकं पटतं, तितकं संपूर्ण संच पाहूनही पटत नाही. सिगारेटच्या जाहिराती अमेरिकी टीव्हीवरून १९७१ च्या पहिल्याच दिवशी संपल्या. त्याआधीची संध्याकाळ कशी दिसायची ते या जुन्या फितींतच उरलं आहे.

बातम्यांच्या फितींचं तर विचारूच नका. २२ नोव्हेंबर १९६३ ला दुपारी सीबीएसवर 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' ही मालिका चालू असताना मध्येच पाटी आली आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा नुसता आवाज, केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्याची बातमी सांगणारा. कॅमेरा तापून तयार व्हायला वेळ लागायचा म्हणून चेहरा दिसला नाही. पुढच्या काळातल्या संकलित माहितीपटात ही बातमी सुरुवातीपासूनच मोठी असते. त्या मूळ फितीत ती एका साध्या दुपारच्या मालिकेत घुसते, आणि अंगावर काटा येतो.

आणि कित्येक गोष्टी दुसरीकडे कुठे नाहीतच. व्हिडिओटेप महाग होती, वाहिन्या ती पुसून पुन्हा वापरत. जॉनी कार्सन यांनी १९६२ मध्ये 'द टुनाइट शो' हा रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम हाती घेतला, पण १९७२ पर्यंतचे बहुतेक भाग असेच पुसले गेले. १९६७ चा पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, दोन वाहिन्यांनी दाखवला, दोघींकडेही पूर्ण प्रत राहिली नाही. पुढे पेनसिल्वेनियात एका प्रेक्षकाने केलेलं रेकॉर्डिंग सापडलं, तेही अपुरं. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरी अनेक व्हीसीआर लावून बातम्या सतत रेकॉर्ड केल्या. सत्तर हजारांच्या आसपास कॅसेट! त्या आता इंटरनेट आर्काइव्हकडे आहेत. अशा माणसांचे आपण ऋणी आहोत, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचं एवढं लक्षात असू द्या की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, घरी नंतर पाहण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग वैध ठरवलं. ते सगळ्यांसाठी नेटवर चढवणं ही वेगळी बाब आहे, त्यामुळे अशा फिती कधीही काढल्या जातात. आणखी एक अडचण अशी की पुनःप्रक्षेपणातून रेकॉर्ड केलेले भाग जाहिरातींना जागा करण्यासाठी कापलेले असतात. पन्नास-साठच्या दशकात अर्ध्या तासात मालिकेला पंचवीस मिनिटं किंवा थोडी जास्तच मिळत, पुढे ती बावीसवर आली. मधली मिनिटं विनोदाच्या तयारीची असत, आणि कात्री तिथेच चालते. कथा पूर्ण हवी असेल तर या वाटेने जाऊ नका.

आपल्याकडच्या प्रेक्षकांपुरतं एक वेगळं सांगायला हवं. 'स्मॉल वंडर' आपल्यातल्या अनेकांच्या कानात हिंदीत आहे, स्टार प्लसवरच्या त्या डबिंगमुळे. अमेरिकी संच मागवला तर त्यातली यंत्रमुलगी विकी इंग्रजीतच बोलणार. त्या हिंदी आवाजासाठी इथल्या लोकांनी जपलेल्या फितीच शोधाव्या लागतात.

दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर एक दुर्मीळ संच आहे: १९६४-६५ मध्ये बीटल्स ज्या चार वेळा एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात आले, ते चारही कार्यक्रम डीव्हीडीवर पूर्ण आहेत, जादूगार, विनोदवीर आणि त्या वेळच्या जाहिरातींसकट. पहिला कार्यक्रम ९ फेब्रुवारी १९६४ चा, सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलेला. घरातल्या मंडळींना जुना अमेरिकी टीव्ही दाखवायचा असेल तर मी याच संचापासून सुरुवात करीन.

नुसती चव घ्यायची असेल तर स्ट्रीमिंग पुरे. 'मॅश', 'स्टार ट्रेक' आणि 'ट्वायलाइट झोन' यांना डिस्क. कार्सन, बातम्या, जाहिराती, वाहिन्यांच्या ओळखधून यांसाठी जुनी रेकॉर्डिंग, आणि आवडलेली फीत दिसली की लगेच पाहून घ्या.

न्यू जर्सीच्या भावाला किंवा बे एरियातल्या मुलीला संच आणायला सांगणार असाल तर घरचा प्लेअर आधी तपासा. डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी यासाठी विभाग ठरवलेले असतात: अमेरिकी डीव्हीडी विभाग १ ची असते, भारत विभाग ५ मध्ये येतो. ब्लू-रेला अमेरिका ए आणि भारत सी. सगळे विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर तो संच इथे बहुधा चालणार नाही. ब्रिटनहून आलेल्या, पाल या तिथल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर फिल्मवरच्या मालिका चार टक्के वेगाने धावतात आणि आवाज किंचित चढा लागतो, म्हणून शक्य असेल तिथे अमेरिकी संचच मागवा.