घरी बांधलेल्या हॉट रॉडची टेस्ट कुठे घ्यायची: आरे-वारे, आंबा घाट की मुंबई-गोवा हायवे?

हॉट रॉड, म्हणजे फेरफार करून दमदार केलेली जुनी गाडी, बांधून झाली, स्टार्ट झाली, वाडीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली, आता खरी टेस्ट कुठे घेऊ, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. आणि बहुतेकांच्या डोक्यात हायवेच असतो, कारण एवढे महिने खपून बांधलेली गाडी एकदा पळवून बघायची घाई असते, ते मी समजू शकतो. रत्नागिरीच्या आसपास राहणाऱ्याला तीन रस्ते सहज मिळतात: गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा सागरी रस्ता, कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट आणि मुंबई-गोवा हायवे म्हणजे एनएच ६६. माझं मत आधीच सांगून टाकतो, पहिला आरे-वारे, मग घाट, आणि हायवे सगळ्यात शेवटी. तिन्ही रस्ते गाडीबद्दल वेगवेगळं सांगतात, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही, आणि क्रम चुकला तर जे आरामात कळायचं ते धोक्यात कळतं.

आधी कुठल्या गाडीबद्दल बोलतोय ते. आमची जुनी पद्मिनी आहे, १०८९ सीसीचं मूळ इंजिन तेच ठेवलंय, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) घासून कम्प्रेशन (आतला दाब) वाढवलंय, एक्झॉस्ट मोकळा केलाय, गाडी खाली बसवलीय आणि मागे रुंद टायर आहेत. चारी चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). इंजिन मुद्दाम तेच ठेवलं, कारण आरसी बुकावर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही ते पक्कं केलं. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे व्हिंटेजचे नियम आले त्यातही चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी बसत नाही, त्यामुळे तो रस्ता धरून चालू नका. कागद, इन्शुरन्स सगळं नीट करूनच बाहेर पडा.

हॉट रॉड हा मुळात अमेरिकेतला नाद. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मुरोकसारख्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात पोरं जुन्या फोर्ड हलक्या करून पळवायची, आणि १९३२ मध्ये फोर्डची व्ही-एट आल्यावर तर या नादाला ऊतच आला. तिथं परीक्षा एकच, सरळ रेषेत किती स्पीड. आपल्याकडे कोकणात सपाट आणि सरळ असं किती सापडणार? खाडी आली की उतार, सडा आला की चढ, मध्ये वळणं, म्हैस, एसटी, शाळेची पोरं. म्हणून आपल्या गाडीला आधी थांबता आलं पाहिजे, मग थंड राहता आलं पाहिजे, पळण्याचं नंतर.

आरे-वारे

साखरतर, काळबादेवी, आरे, वारे करत गणपतीपुळ्यापर्यंत साधारण २५ किलोमीटरचा हा रस्ता. स्पीड आपोआप ४०-५० च्या आत राहतो, गावं जवळजवळ असल्यामुळे काही बिघडलं तर माणूस मदतीला येतो, मोबाईलला रेंज असते. पहिल्या फेरीला एवढंच पाहिजे. शनिवार-रविवार मात्र नको, पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. आठवड्यात सकाळी लवकर जा.

इथं पहिलं काम ब्रेक बसवायचं. नवीन लायनर (ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी) एकदम पूर्ण टेकत नाही, कडेकडेनं टेकतो, म्हणून काळबादेवीच्या मोकळ्या पट्ट्यात मागे कुणी नाही बघून ५० वरून १५-२० पर्यंत मध्यम जोरात ब्रेक मारायचा, मग थोडं चालवून ड्रम गार होऊ द्यायचा, परत मारायचा. पूर्ण थांबून पाय दाबून धरू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर लगेच कळतं, आणि घरी येऊन त्या चाकाचा अ‍ॅडजस्टर, व्हील सिलेंडर बघता येतो. ब्रेकचा पेडल पायाला स्पंजसारखा लागला तर पाइपमध्ये एअर राहिलीय, पुढे जाऊच नका. एकाच सर्किटचा, म्हणजे चारी चाकांच्या ब्रेकना एकच लाइन देणारा जुना मास्टर सिलेंडर असेल तर हँडब्रेक खरोखर गाडी धरतो का ते आधी अंगणातच तपासून ठेवा, कारण पाइप गेला तर तेवढाच आधार.

दुसरं काम म्हणजे काय कुठे घासतंय ते. गाडी खाली बसवली, टायर रुंद लावले की अंगणात सगळं छान मोकळं दिसतं, पण वळणावर चाक खड्ड्यात गेलं की टायर आत लागतो. आम्ही काय करतो, फेंडरच्या आतल्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवतो आणि टायरवर खडूनं जाड आडव्या रेघा मारतो. आरेच्या चढावरची वळणं घेऊन वर पोचलं की उतरून बघायचं, ग्रीस कुठे पुसलंय आणि टायरच्या खांद्यावर ग्रीस कुठे लागलंय. खडूची रेघ मधोमध पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी, एकाच कडेला पुसली तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) बघायला पाहिजे. शॉकअपचा दांडा उघडा असेल तर त्याला एक केबल टाय घट्ट बांधून ठेवायचा, तो किती सरकला त्यावरून शॉकअप तळाला आपटतोय का ते कळतं. हे सगळं फुकटात होतं आणि कुठल्याही मशीनइतकं खरं सांगतं.

तिसरं, आणि हे फक्त याच रस्त्यावर नीट होतं. गणपतीपुळ्यावरून मालगुंड करत पुढे जयगडला जायचं आणि तवसाळच्या फेरीबोटीच्या रांगेत गाडी उभी करायची. गरम इंजिन, उन्हात उभी गाडी, वारा नाही, दमट हवा. कार्ब्युरेटर आणि मेकॅनिकल पंप असलेल्या गाडीत इथं पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते आणि बोट लागली की गाडी स्टार्टच होत नाही. पेट्रोलची पाइप एक्झॉस्टच्या जवळून गेली असेल तर हमखास. ती लांबून फिरवायची, मध्ये पत्र्याची आडोशी पट्टी लावायची. रांगेत पाण्याच्या तापमानाचा काटा चढत गेला आणि चालू लागल्यावर उतरला तर पाण्याचा रस्ता ठीक आहे, हवा कमी पडतेय, म्हणजे पंखा किंवा पंख्याभोवतीचं कव्हर बघा. हा एक फरक लक्षात ठेवला तर उगाच रेडिएटर बदलायचा खर्च वाचतो.

खारं मात्र सांभाळा. लाटांचे तुषार रस्त्यापर्यंत येतात त्या दिवसांत घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायची, अर्थिंगचे पॉइंट आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपा पुसून बघायच्या. आणि फोटोसाठी गाडी पुळणीवर उतरवू नका, बेअरिंगात गेलेलं खारं पाणी आणि रेती तुमची सगळी मेहनत खाते.

आंबा घाट

रत्नागिरीहून हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग घाट. जाताना हायवेचा तुकडा लागतोच, तो शांतपणे ६० च्या आत काढायचा. निघण्याआधी चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळायचे, पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर ते थोडे बसतातच. आवळल्यावर नटापासून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा, साखरप्याला चहाला थांबलात की खाली वाकून बघायचं, रेघ तुटली असेल तर नट फिरलाय.

घाट चढताना इंजिनाचं सगळं खरं बाहेर येतं. हेड घासलेलं असेल, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जरा जास्त पुढे असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आतून टिकटिक, काचेच्या गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो. तो आला की लगेच पाय सैल करून खालचा गिअर टाका आणि जागा मिळाली की थांबून डिस्ट्रीब्युटर किंचित मागे घ्या. सपाटीवर हा आवाज सहसा येत नाही, म्हणून अनेक जण टायमिंग परफेक्ट आहे समजून पिस्टन जाळून घेतात. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं, त्याला जळायला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचा मूळ जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कमी पडून मिक्स्चर पातळ होतं आणि इंजिन तापतं. बघायचं कसं? पूर्ण ॲक्सिलरेटरवर चढत रुंद कडेपाशी यायचं, क्लच दाबून इग्निशन बंद करायचं (चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होईल) आणि कडेला लागून प्लग काढून बघायचे. बिस्किटासारखा रंग असेल तर उत्तम, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट कोरडा असेल तर जेट मोठा लागणार. रबरी पाइपाही इथेनॉल चालणाऱ्याच घाला, जुन्या फुगतात आणि चिरतात.

उतरताना परीक्षा ब्रेकची. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम तापले की लायनरची पकड कमी होते, पेडल नेहमीसारखा कडक लागतो पण गाडी थांबत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ऑइल उकळून पेडल खाली जातो. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, कोऱ्या डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उकळण्याचा आकडा किमान २०५ अंश असतो तो पाणी शोषल्यावर १४० पर्यंत येऊ शकतो, आणि आपल्या हवेत तर हे लवकरच होणार. डॉट ४ घाला, वर्षा-दोन वर्षांनी बदला. खाली आल्यावर चारी ड्रमजवळ हात नेऊन बघा (लावू नका), एक जास्त तापला असेल तर तो धरतोय, एक गार असेल तर तो कामच करत नाहीये.

घाटाचा तोटाही आहे. रस्ता चौपदरी करण्याची कामं, ट्रक, आणि जुलै-ऑगस्टात धुकं एवढं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. पावसाळ्यात नवीन बांधलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नका, ऑक्टोबर उजाडू दे.

एनएच ६६

इथं फक्त दोन-तीनच गोष्टी कळतात, पण त्या दुसरीकडे कळत नाहीत. एक, ७०-८० ला गाडी सरळ जाते का. स्टेअरिंग सारखं सावरावं लागत असेल तर कॅस्टर (स्टेअरिंगच्या खुंटीचा मागे कललेला कोन) कमी आहे किंवा टो बाहेर गेलाय. दोन, थरथर. स्टेअरिंगमध्ये सावकाश हलतंय तर चाकांचं बॅलन्सिंग, बुडाखाली फ्लोअरमध्ये बारीक गुणगुण येतेय तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा). त्या स्पीडला न्यूट्रल करून सोडा, थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही. गाडी खाली बसवली की शाफ्टच्या क्रॉसचे कोन बदलतात, पाट्याखाली पाचर घालून मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगचा कोन सुधारावा लागतो, आमच्या गाडीची गुणगुण तशीच गेली. तीन, सलग अर्धा तास चालवून पाण्याचा काटा. रांगेत गार आणि हायवेवर गरम, तर रेडिएटरची जाळी चोंदलीय किंवा मिक्स्चर-टायमिंग चुकलंय.

पण काँक्रीटच्या जोडांवर जी ठकठक होते ती थरथरीत मिसळते आणि नवीन माणसाला काही समजत नाही, शिवाय डायव्हर्जन, मोठे टँकर, आणि हातखंब्याचा उतार तर अपघातांसाठी कुप्रसिद्ध. ब्रेक तपासायची ती जागाच नव्हे. पालीच्या पुढे लांज्याच्या बाजूला सकाळी मोकळा तुकडा मिळतो तिथं बघा.

मग तुम्ही कुठे जायचं?

इंजिन कंपनीचंच ठेवून फक्त सस्पेन्शन, टायर बदलले असतील तर आरे-वारे आणि मग थेट हायवे चालेल, घाट नंतर कधीही. हेड, कार्ब्युरेटर, टायमिंगला हात लावला असेल तर घाटाला पर्याय नाही. जुनी सीजे-३बी जीप बांधली असेल तर तिचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच, हायवेला ती स्पीडमध्ये चळते आणि ओल्या वळणावर मागून पटकन सुटते, म्हणून जीपवाल्यांनी आरे-वारेलाच जास्त दिवस द्यावेत, ब्रेक नीट बसल्याशिवाय आणि स्टेअरिंग बॉक्सचा ढिलेपणा संपल्याशिवाय घाटात वर जाऊ नये.

आणि एका फेरीनंतर एकच गोष्ट बदला. आमचे मेस्त्री सारखं बजावतात, "अरे, जेट पण बदललास आणि टायमिंग पण फिरवलंस, तर गाडी कशानं सुधारली ते तुला कोण सांगणार?" छोटी वही गाडीत ठेवा, त्यात तारीख, ऊन की ढग, टायरची हवा, काटा कुठे होता, काय बदललं एवढं लिहा. सोबत एक माणूस घ्याच, काटे तो बघेल, तुम्ही रस्ता बघा. फायर एक्स्टिंग्विशर सीटखाली नको, हाताला येईल असा लावा. फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, पाच लिटर पाणी, वायर आणि पाने बरोबर असू देत. जयगडला गेलात आणि गाडी गरम होऊन बसली तर बोनेट उघडून पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, वाफ बसली की लागते परत.