तरंगतं मत्स्यखाद्य : शेततळ्यात आठ महिने वापरून

यावल तालुक्यात आमची केळी आहे आणि तिच्यासाठीच खोदलेलं 30 बाय 30 मीटरचं, प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं. आधीची दोन वर्षं माशांना शेंगदाणा पेंड अन् भाताचा कोंडा भोकं पाडलेल्या गोणीत भरून बांबूला लटकवायचो. मासा किती खातो, तळाला किती जातं, देव जाणे. तळं उपसलं तेव्हा घोट्याएवढा काळा गाळ निघाला, वास सडक्या अंड्याचा. ते पाणी नाल्याला सोडलं, तर खालच्या वावरातले नाना आठवडाभर बोलले नाहीत.

म्हणून जुलैअखेर रोहू, कटला, मृगळ मिळून हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली आणि 28 टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य आणलं. भाव पेंड-कोंड्याच्या दीडपट.

पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने सगळे दाणे ईशान्येच्या कोपऱ्यात लोटले. मग जुन्या पाइपची टोकं बंद करून चौकट केली, ती पाण्यावर सोडली. दाणे तिच्यातच टाकायचे. वीस मिनिटांनी जे उरलं, तेवढं दुसऱ्या दिवशी कमी.

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला तेव्हा पैसे वसूल झाले. अर्धा तास झाला तरी दाणे चौकटीत तसेच फिरत होते. खाद्य निम्मं केलं, चार दिवस तर बंदच. गोणी असती तर मी ती रोज भरत बसलो असतो. तसंही खाद्यातल्या नत्राचा चौथा-तिसरा हिस्साच माशाच्या अंगी लागतो. बाकीचं बरंचसं अमोनिया होऊन पाण्यात येतं. त्यात उष्ट्याची भर कशाला?

तरी मार्चमध्ये माती खाल्लीच. विक्रेता म्हणाला, "भाऊ, माशांच्या वजनाच्या पाच टक्के रोज द्या, झपाट्याने वाढतील." दहा दिवसांत पाणी हिरवंगार. पहाटे पाचला पाहतो तर मासे वर तोंड काढून धापा टाकताहेत. दिवसा प्राणवायू देणारं शेवाळच रात्री तो ओढून घेतं. इंजिन लावून तळ्यातलंच पाणी तळ्यात उडवत बसलो, तरी अकरा मासे गेले. आता दोन टक्के, त्यापुढे नाही. उन्हात पाण्याचा सामू (पीएच) चढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, हेही तेव्हाच कळलं.

मृगळ मात्र तळाचा मासा, वर खायला येईना. रोहूच्या निम्माच भरला. पुढच्या खेपेला तो कमी सोडणार.

तळाचं पाणी आता नाल्याला जात नाही, केळीला पाटाने देतो. ठिबकला जोडून पाहिलं, पण दर दोन तासांनी फिल्टर धुवायला माणूस कुठला आणायचा? युरियाचा एक हप्ता मात्र वगळला, पानं पिवळी पडली नाहीत.

खाद्याला पाचपैकी साडेतीन गुण. खाद्याच्या तीसेक रिकाम्या प्लॅस्टिक गोण्या गोठ्यात पडून आहेत. परत घेता का विचारलं, तर विक्रेता हसला.