बीपी पडण्याआधी सांगणारं सॉफ्टवेअर घ्यावं, की आहे तो मॉनिटर नीट लावावा?

कळवणहून पहाटेच निघालेले आजोबा, रात्रीपासून उपाशी, आणि सवयीने बीपीची टेल्मिसार्टनची गोळी घेऊन आलेले. भूल दिल्यावर यांचं बीपी उतरणार हे कुठलाही भूलतज्ज्ञ सांगेल. पण दंडावरचा बीपीचा कफ (पट्टा) दर 5 मिनिटांनी फुगतो आणि मधलं काहीच दिसत नाही. किडनी आणि हृदयाला धोका असतो तो याच मधल्या वेळात.

नाशिकला गंगापूर रोडवर स्वतःची ओटी (ऑपरेशन थिएटर) असलेल्या मित्राने म्हणूनच विचारलं, बीपी पडण्याआधी इशारा देणारं हे सॉफ्टवेअर घेऊ का?

ते आर्टरी लाइनच्या, म्हणजे धमनीत घातलेल्या आणि बीपी सतत मोजणाऱ्या नळीच्या, लहरी वाचून 0 ते 100 मधला आकडा देतं. 85 ओलांडला की अलार्म: थोड्याच मिनिटांत मीन प्रेशर (सरासरी बीपी) 65 च्या खाली जाण्याची शक्यता. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. रक्तवाहिन्या सैल पडल्यात, सलाईन कमी पडतंय की हृदयाचा जोर कमी झालाय, हे ठरवायला लागणारे आकडे ते शेजारीच दाखवतं.

2020 मध्ये ॲमस्टरडॅमच्या 68 पेशंटच्या अभ्यासात कमी बीपीचा काळ साधारण 33 मिनिटांवरून 8 वर आला. त्याच वर्षी अमेरिकेत 214 पेशंटमध्ये मात्र फरक पडला नाही. तिथे जवळपास निम्म्या अलार्मनंतर उपचारच दिले गेले नव्हते. अलार्म वाजल्यावर हात हलले नाहीत तर सॉफ्टवेअर काय करणार?

शिवाय तो आकडा बऱ्याच अंशी मीन प्रेशरच्याच मागे चालतो. म्हणजे साध्या मॉनिटरचा अलार्म 72-73 ला लावला तरी बरीचशी सूचना फुकटात मिळते, असं टीकाकार दाखवतात, आणि मला ते पटतं.

तुमच्याकडे आर्टरी लाइन लागणाऱ्या मोठ्या केसेस रोजच्या असतील तर जरूर डेमो मागवा. खास सेन्सरचा खर्च प्रत्येक पेशंटमागे असतो, तो आधी विचारा. हर्निया, पित्ताशय, सिझेरियन हेच मुख्य काम असेल तर पैसे आत्ता घालू नका. भूल दिल्यानंतरची पहिली 20 मिनिटं कफ अडीच मिनिटांवर ठेवा, बीपी वाढवणाऱ्या फेनिलेफ्रिनची सिरिंज आधीच भरून, लेबल लावून हाताशी ठेवा.

मित्राच्या ओटीत जाऊन पाहिलं तर मीनचा अलार्म मॉनिटर बसवला तेव्हापासून 60 लाच होता. सिस्टरांना दाखवत दाखवत आम्ही तो 72 ला नेला. दोन मिनिटं लागली.